घरी बनवलेला सीएनसी राउटर: अर्ध्या जॉबला वाय सरकतोय, मदत हवी आहे

फळीवाला
मंडळी, तातडीची मदत हवी आहे. कमी खर्चात घरीच सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या फाइलवरून आपोआप कापणारं मशीन) उभा केला आहे, बेड २ बाय ३ फूट, फ्रेम एमएस बॉक्स पाइपची वेल्डिंग करून घेतलेली. गणपतीच्या मखरांच्या ऑर्डरी घेऊन बसलोय, ८ एमएम एमडीएफमध्ये जाळी कापायची आहे. सुरुवातीला एक नंबर कापतो. वीस-पंचवीस मिनिटं झाली की वाय, म्हणजे गँट्री (बिट धरणारी आडवी कमान) पुढे-मागे नेणारा अक्ष, जागचा सरकतो. जाळीच्या पाकळ्या एका ओळीपर्यंत बरोबर आणि तिथून पुढे सगळ्या ३-४ एमएम बाजूला. एक्स बरोबर, झेड बरोबर. फाइल तपासली, दुसऱ्या लॅपटॉपवरून पाठवली, तेच. कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळले, तेच. शीटवर शीट वाया जातेय. वायला स्टेप्स पर मिलिमीटर (एक एमएम सरकायला मोटरने टाकायची पावलं) किती टाकायचे ते कुणी सांगेल का? लवकर सांगा.

भोसरीचा टर्नर
कंट्रोलर कोणता? ड्रायव्हर (मोटरला करंट देणारे) कोणते? मोटर किती अँपिअरच्या? एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किती व्होल्टचा? स्क्रू की बेल्ट? यातलं काहीच लिहिलेलं नाही. वायरिंग दिसेल असा फोटो टाका.

रंधा
टी८ चा लीडस्क्रू (गँट्री सरकवणारा आट्यांचा दांडा) लावला असेल तर तो आधी काढा. थ्रीडी प्रिंटरचा झेड वर-खाली करायला तो ठीक, गँट्री ओढायला नाही. १६०५ चा बॉलस्क्रू (ज्याच्या नटात गोळ्या फिरतात तो) टाका, जन्मभर बघायला नको. मी माझ्या मशीनला तेच केलं आणि सगळे त्रास संपले. स्वस्तात करायला जाऊन दोनदा खर्च होतो, हे सगळ्यांना सांगत आलोय.

मिलिअँपिअर
@रंधा, नटात खेळ (सैलपणा) असेल तर तो पहिल्या मिनिटापासून दिसेल, प्रत्येक वेळी दिशा बदलली की थोडा थोडा. वीस मिनिटं बरोबर कापून एकदम ३ एमएमची उडी मारायची हे खेळाचं लक्षण नाही. मोटरने स्टेप सोडल्या आहेत. बॉलस्क्रू घालून स्टेप सोडणं थांबत नाही.

रंधा
बॉलस्क्रूला घर्षण कमी, म्हणून मोटरवर भार कमी, म्हणून स्टेप सुटत नाहीत. थांबतं.

फळीवाला
कंट्रोलर आर्डुइनो उनो, वर सीएनसी शील्ड (ड्रायव्हर बसवायचा बोर्ड), सॉफ्टवेअर जीआरबीएल. मोटर नेमा १७. टी८ स्क्रू. बाकी सगळे वापरतात तेच. वायला आत्ता ४०० स्टेप्स आहेत. हे बरोबर की चूक एवढं सांगा.

मिलिअँपिअर
मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हर १/१६ वर, म्हणजे ३२००. टी८ चा चार आट्यांचा स्क्रू असेल तर तो एका फेऱ्याला ८ एमएम सरकतो. ३२०० भागिले ८, ४०० बरोबर आहे. खात्री हवी असेल तर पेन बांधून १०० एमएमची रेघ मारा. हा आकडा चुकला असता तर पहिलीच पाकळी लहान-मोठी झाली असती. स्टेप्सना हात लावू नका. ड्रायव्हर कोणते ते अजून सांगितलेलं नाही.

अर्थिंगवाला
मी इंडस्ट्रियल वायरिंग करतो. हा शंभर टक्के नॉइज आहे. ट्रिम राउटरची (बिट फिरवणाऱ्या हत्याराची) मोटर ब्रशवाली, कार्बनच्या ठिणग्या उडतात आणि त्याच केबलच्या शेजारून तुमच्या सिग्नलच्या वायरी गेलेल्या असणार. शील्डेड वायर घ्या, वायरीवरची धातूची जाळी एकाच टोकाला अर्थ करा, दोन्ही टोकांना नाही. लिमिट स्विचला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. राउटर आणि एसएमपीएस वेगवेगळ्या प्लगवर घ्या. आणि फ्रेमला अर्थिंग केलंय का? लोखंडी फ्रेमवर २३० व्होल्टचा राउटर बसवून लोक नुसत्या दोन पिनच्या एक्स्टेंशनवर चालवतात, हे बघून अंगावर काटा येतो. घरात लहान मुलं असतील तर आरसीसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) हे मशीन चालू करू नका.

भोसरीचा टर्नर
अर्थिंगचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण लिमिट स्विचवर नॉइज आला तर जीआरबीएल 'अलार्म १' देऊन जागेवर थांबतं. यांचं मशीन थांबत नाही, चुकीच्या जागी कापत पुढे जातं.

अर्थिंगवाला
स्टेपच्या लाइनवर नॉइज आला तर? तिथे अलार्म नसतो.

भोसरीचा टर्नर
मग तो एक्सवरही यायला हवा. फक्त वायवरच का?

नागपुरी संत्रा
भाऊ, आर्डुइनो सोडा न. जुना पीसी घ्या पॅरलल पोर्टवाला, त्याच्यावर मॅक३ (मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) टाका. माझ्याकडे कितीतरी वर्षांपासून चालू आहे, एकदा पण प्रॉब्लेम नाही आला. हे शील्ड-बिल्ड शिकायपुरतं ठीक आहे.

मिलिअँपिअर
पल्स मॅक३ ने दिले काय नि जीआरबीएलने दिले काय, मोटरमध्ये जोर नसेल तर स्टेप सुटणारच. दोघांनाही मोटर खरंच फिरली की नाही ते कळत नाही, मोटर किती फिरली ते परत सांगणारा एन्कोडरच नाही.

मखरप्रेमी
एमडीएफ कशाला वापरता? २०१८ च्या बंदीने थर्माकोलची मखरं गेली आणि त्या जागी लोकांनी एमडीएफ आणलं. विसर्जनानंतर ते भिजून फुगतं आणि कचऱ्यात जातं. पीव्हीसी फोम शीट घ्या, हलकी, पाण्याला भीत नाही, वर्षानुवर्षं तेच मखर वापरता येतं. माझ्या भावाकडे लेझर आहे, त्यावर चुटकीसरशी होईल.

सुतारपक्षी
@मखरप्रेमी, कृपा करून पीव्हीसी लेझरवर कापू नका आणि कुणाला सांगूही नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. छातीला घातक आणि मशीनच्या लोखंडालाही गंज चढवतो. राउटरवर पीव्हीसी कापायला हरकत नाही.

@फळीवाला, मी सावंतवाडीकडची, लाकडाचंच काम करते. मला इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही, पण एका पासमध्ये किती खोल जाता? बिट किती एमएमचा? व्हॅक्यूम लावता का? एमडीएफचा भुसा पिठासारखा असतो, तो खाचेत साचतो आणि बिट त्यातच फिरत राहतो. बिट तापतो, कडा काळ्या पडतात, भार वाढतो. आणि मास्क साधा कापडी नको, एन९५ तरी घाला. एमडीएफच्या चिकटवणात फॉर्माल्डिहाइड असतं.

फळीवाला
बिट ३ एमएम. पास ४ एमएम, दोन पासात आरपार. व्हॅक्यूम नाही. फीड (कापायचा वेग) मिनिटाला १२०० एमएम. कडा काळ्या पडत नाहीत. ड्रायव्हर ए४९८८. एसएमपीएस १२ व्होल्ट १० अँपिअर. मोटर १.७ अँपिअर. ताई, मास्क घेतो. पण मंडळी, मला मशीन बदलायचं नाहीये, पैसे संपलेत. जे आहे ते चालायला हवं.

मिलिअँपिअर
आता काहीतरी हाती आलं. तीन चाचण्या करा, याच क्रमाने. बेडवर पेन्सिलने गँट्रीच्या दोन्ही बाजूंना खूण करा. १) राउटर बंद, बिट वर उचललेला, तीच फाइल हवेत चालवा. संपल्यावर शून्यावर आणा आणि खूण बघा. २) राउटर चालू, पण हवेतच. ३) प्रत्यक्ष कापून. पहिलीत बरोबर आणि दुसरीत चुकलं तर अर्थिंगवाल्यांचं म्हणणं खरं, नॉइज आहे. फक्त तिसरीत चुकलं तर कापण्याचा भार जास्त, सुतारपक्षी म्हणतात तसं पास कमी करा. पहिलीतच चुकलं तर राउटरचा, भुशाचा, बिटाचा काही संबंध नाही. तोपर्यंत एमडीएफची एकही शीट लावू नका.

रंधा
चाचण्यांमध्ये वेळ जाईल, गणपती थांबणार नाहीत. जवळपास तयार मशीन असेल तिथून जॉबवर्कवर कापून घ्या आणि आपलं मशीन सावकाश सुधारा. हे मी मनापासून सांगतोय.

फळीवाला
पहिल्याच चाचणीत सरकला. हवेत. राउटरची पिन काढून ठेवली होती. आधी बराच वेळ नीट चालला, मग वायच्या मोटरमधून घर्रर्र असा आवाज आला, क्षणभर थबकला आणि पुन्हा चालू. डाव्या खुणेपासून ३ एमएम आणि उजवीपासून जवळजवळ ५.

भोसरीचा टर्नर
डावी-उजवी वेगळी म्हणजे गँट्री तिरकी झाली. वायला दोन मोटर आहेत? तुम्ही हे आत्तापर्यंत बोलला नाहीत. दोन्ही कुठे जोडल्या?

फळीवाला
हो, गँट्रीला दोन्ही बाजूंनी एकेक. शील्डवर वायला एकच जागा आहे ना, म्हणून दोन्हींच्या वायरी एकत्र सोल्डर करून तिथेच दिल्यात. ड्रायव्हरला हीटसिंक चिकटवलंय. पंखा नाही.

मिलिअँपिअर
सापडलं. ए४९८८ वर २ अँपिअर लिहितात, पण पंख्याशिवाय तो १ अँपिअरच्या आसपासच टिकतो. तो दोन मोटरमध्ये वाटला की प्रत्येकीला अर्धा. १.७ ची मोटर अर्ध्या अँपिअरवर लोखंडी गँट्री ओढतेय. तुम्ही पॉट (ड्रायव्हरवरचा करंट ठरवणारा बारका स्क्रू) फिरवून करंट वाढवला असेल तर चिप तापून १६५ अंशांच्या आसपास स्वतःला बंद करते, थोडी निवली की पुन्हा सुरू होते. घर्रर्र आणि थबकणं हे त्याचंच. आर्डुइनोला पत्ता नसतो, तो पुढच्या स्टेप पाठवत राहतो. एक्सला एकच मोटर, म्हणून एक्स बरोबर.

आता काम. शील्डवर 'ए' नावाची चौथी जागा आहे, त्यात आणखी एक ए४९८८ बसवा. शंभर-दीडशेची वस्तू. शेजारच्या पिनांवर वायचे दोन जंपर लावले की 'ए' वायची नक्कल करतो, स्टेप आणि दिशा दोन्ही. ड्रायव्हरच्या खाली १/१६ चे तीन जंपर विसरू नका, नाहीतर एक बाजू भलत्याच वेगाने पळेल आणि गँट्री अडकेल. ड्रायव्हरवरची 'ईएन' पिन शील्डवरच्या 'ईएन'शी जुळवूनच बसवा, उलटा बसला की जळतो. दुसरी मोटर उलटी फिरली तर तिचा कनेक्टर उलटा करा, पण वीज पूर्ण बंद करून. चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर कधीही काढायची नाही.

मग मल्टिमीटर घ्या. काळी वायर ग्राउंडला, लाल पॉटच्या धातूच्या डोक्याला. ड्रायव्हरवरच्या बारक्या काळ्या रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट, आर०५० असेल तर ०.४. चारही ड्रायव्हरवर वारा जाईल असा १२ व्होल्टचा पंखा लावा. आणि जीआरबीएलच्या $१२१ सेटिंगमधलं वायचं अॅक्सिलरेशन निम्म्यावर आणा. जाळीत दर सेंटिमीटरला दिशा बदलते, तिथे जोर तेच खातं.

अर्थिंगवाला
मान्य, हे नॉइजचं नाही. तरी फ्रेमचं अर्थिंग करून घ्या.

रंधा
टीबी६६०० (जास्त करंटचा ड्रायव्हर) का नाही? आणि एसएमपीएस २४ व्होल्टचा.

मिलिअँपिअर
गणपतीनंतर जरूर. २४ व्होल्टवर वेगात जोर टिकतो, तिथे तुमच्याशी सहमत. आत्ता त्यांना वायरिंग नव्याने करायला लावू नका.

फळीवाला
पुण्याला तपकीर गल्लीतून मित्राकडून ड्रायव्हर मागवलाय, रात्रीच्या एसटीने येतोय. बॉक्सवर नाव टाकून कंडक्टरकडे दिलाय. पंखा जुन्या पीसीचा आहे घरात.

भोसरीचा टर्नर
बसवण्याआधी गँट्री गुण्यात (काटकोनात) घ्या. वीज बंद, दोन्ही स्क्रू हाताने फिरवून बेडच्या पुढच्या कडेपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं करा. मग चौकोन आखून कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर जाळीचे दोन अर्धे एकमेकांना लागणार नाहीत.

फळीवाला
बसवला. एकावर आर१०० होतं, नवीनवर आर०५०, त्यामुळे वेगवेगळं सेट केलं. पंखा शील्डच्या बाजूने उभा लावलाय. तीच फाइल हवेत पूर्ण चालवली, दोन्ही खुणांवर परत आला. मग राउटर लावून एक पाकळी कापली, पास २ एमएम. आता पूर्ण जाळी लावलीय, पाऊण तास झाला, पाकळ्या ओळीत आहेत. ड्रायव्हरच्या हीटसिंकला बोट ठेवता येतंय. मिलिअँपिअर, टर्नर, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार.

सुतारपक्षी
छान झालं. जाळी शीटवरून सुटताना बारीक पाकळ्या उडतात, फाइलमध्ये टॅब ठेवा आणि मग पातळ करवतीने कापा. रंग देण्याआधी कडांना सँडिंग सीलरचे दोन हात मारा, एमडीएफची कापलेली कड रंग पिते.

कोल्हापुरी
माझ्याबी मशीनचा झेड खाली घसरतोय ओ, राउटर जड आहे म्हणून असेल काय?

भोसरीचा टर्नर
चालू असताना घसरतो की वीज बंद केल्यावर? स्क्रू कोणता, मोटर किती अँपिअरची, जीआरबीएलच्या $१ सेटिंगमध्ये किती टाकलंय? २५ असेल तर हालचाल थांबल्यावर मोटर सैल सुटतात. २५५ करा, धरून राहील. बाकीची माहिती द्या, मग बघू.