शाळेबाहेर गेट-टुगेदर: नागावला एक मुक्काम, साधारण ५० जण

मधली_सुट्टी
आमची डोंबिवलीची दहावीची १९९६ची बॅच. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी शाळेच्याच सभागृहात जमतो. यंदा इमारतीचं काम निघालंय, त्यामुळे सभागृह मिळणार नाही. अलिबागजवळ नागावला शनिवार-रविवार एक मुक्काम करावा असं ठरतंय. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर ६४ जणांनी ‘हो’ म्हटलंय. पाच-सहा शिक्षकांनाही न्यायचं आहे, सगळे सत्तरीपुढचे. वर्गणी किती काढावी, शिक्षकांची सोय कशी करावी आणि बुकिंग करताना काय विचारून घ्यावं? तारीख डिसेंबरचा शेवटचा शनिवार.

जमाखर्च
पोलमधला ‘हो’ मोजू नका. पैसे जमा झाले तो माणूस मोजा.

खर्चाचे दोन भाग करा. माणशी वाढणारा, म्हणजे राहणं-जेवण. आणि माणसं कमी झाली तरी तेवढाच राहणारा, म्हणजे गाड्या, साउंड, सत्कार. वर्गणी चुकते ती या दुसऱ्या भागात. उदाहरणादाखल: तीन गाड्या ४५,०००, साउंड ७,०००, सत्कार १२,०००, एकूण ६४,०००. याला ५०ने नाही, ४०ने भागा. माणशी १,६०० येतात. राहणं-जेवण २,२०० धरलं तर वर्गणी ३,८००. ५० जण आले तर १६,००० उरतील, ते परत करता येतात. उलट तुटवडा आला तर शेवटच्या दिवशी पुन्हा हात पसरावे लागतात आणि ते काम कुणालाच नको असतं.

१,५०० आत्ता घ्या आणि ते परत मिळणार नाहीत हे आधीच लिहून टाका. उरलेले पैसे सहलीच्या तीन आठवडे आधी. हिशेब दोघांनी मिळून ठेवावा आणि दर रविवारी ग्रुपवर टाकावा.

५० आसनी बस घेऊ नका. नागावात वाड्यांमधले रस्ते अरुंद आहेत, बस मुख्य रस्त्यावरच थांबेल आणि सामान घेऊन चालावं लागेल. १७ सीटच्या तीन टेम्पो ट्रॅव्हलर बऱ्या.

भरतीओहोटी
आधी तारीख बदला. नाताळ ते ३१ डिसेंबर अलिबागच्या पट्ट्यात दर चढे असतात आणि मालक मोठ्या ग्रुपला घासाघीस करू देत नाही. डिसेंबरात बहुतेक मार्गशीर्षही असतो. कित्येक घरांत महिनाभर मांसाहार बंद, मग निम्मं ताट वाया जातं. मकरसंक्रांतीनंतरचा शनिवार घ्या, फक्त २६ जानेवारीला जोडून नको. पौषात लग्नं नसल्यामुळे लोक मोकळे असतात. वालाच्या शेंगाही भरलेल्या मिळतात, म्हणजे पोपटी लावता येते, म्हणजे पाला घालून मडक्यात शेंगा (हवं तर मांसही) भाजायच्या. भांबुर्ड्याचा पाला आणि मडकी मालकाला दोन दिवस आधी सांगून ठेवा, शाकाहारी मडकं वेगळं.

भरतीची वेळ बघितल्याशिवाय किनाऱ्यावरचा कार्यक्रम ठरवू नका. कोळी हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी खेळायला वाळूच उरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास, आणि संध्याकाळी सहाला मोठं मैदान मिळतं.

परतीला रविवारी जेवून दीडपर्यंत निघा. चारनंतर वडखळ-पेणला अडकाल.

पहिला_तास
शिक्षकांना मुक्कामाला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जायला तीन तास, यायला तीन तास, मध्ये परकी खोली आणि मोठा आवाज. ते नाही म्हणणार नाहीत, पण त्रास त्यांनाच होईल. आदल्या रविवारी डोंबिवलीतच एखादं छोटं सभागृह सकाळी १० ते १ घ्या. तळमजल्याचं किंवा लिफ्टचं, आणि कमोड आहे का ते स्वतः जाऊन बघा. प्रत्येक सरांना-बाईंना आणायला आणि घरी सोडायला एकेकाचं नाव ठरवा. ‘कुणीतरी आणेल’ म्हटलं की कुणीच जात नाही. शिपाईकाकांना विसरू नका.

शाळा नसताना शाळेचं वातावरण आणायचं तर हजेरी घ्या. जुन्या पटाच्या क्रमाने, वर्गशिक्षकांच्याच आवाजात. भाषणं दोन पुरेत.

जमाखर्च
हे पटलं. मग सत्काराचे १२,००० मुक्कामाच्या वर्गणीतून काढा. ५२,००० भागिले ४० म्हणजे १,३००, वर्गणी ३,५०० होईल. सत्काराचे पैसे वेगळे घ्या, म्हणजे नागावला न येणाऱ्यांनाही ते देता येतील.

बुकिंगच्या वेळी खोल्यांपेक्षा बाथरूम मोजा. सकाळी सात ते नऊ ५० जणांच्या आंघोळी आहेत. पाणी फक्त सोलरवर तापत असेल तर शेवटच्या वीस जणांना थंड मिळतं. गिझर किती, वीज गेली तर जनरेटरवर काय चालतं, हे विचारा. जेवणाचा अंतिम आकडा किती दिवस आधी द्यायचा, ते लिहून घ्या. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो, म्हणून गाणी सातला सुरू करा.

मधली_सुट्टी
जानेवारी मान्य. पण बऱ्याच जणांची मुलं दहावी-बारावीला आहेत, पूर्वपरीक्षा त्याच महिन्यात.

भरतीओहोटी
मग मुक्काम एकच ठेवा, आणि ज्यांना रात्री राहणं जमत नाही त्यांच्यासाठी शनिवारी फक्त दिवसभराची वेगळी वर्गणी ठेवा. एक गाडी रात्री आठला परत पाठवा. मात्र तिला किमान बारा जण हवेत, ती नावं पहिल्या हप्त्याबरोबरच घ्या.