मांडीतली गाठ: सुई घालण्याआधी सोनोग्राफी करा

पाठीतली मऊ गाठ चरबीचीच समजून सुईने तपासावी का, असं एकांनी विचारलंय. कळकळीने सांगते, आधी सोनोग्राफी करा.

साक्री तालुक्यातल्या माझ्या मामांच्या मांडीत लिंबाएवढी गाठ होती. दुखायची नाही, म्हणून दोन वर्षं अंगावर काढली. पेरूएवढी झाली तेव्हा एका दवाखान्यात सुईने पाणी काढायचं ठरलं होतं. धुळ्याच्या सर्जननी ते थांबवलं आणि पहिलंच विचारलं, "मामा, घरी मेंढ्या-कुत्री आहेत का?" एमआरआयमध्ये मोठ्या गाठीच्या पोटात बारक्या गाठी दिसल्या. हायडॅटिड, म्हणजे फीतकृमी या जंताच्या अळीमुळे होणारी पाण्याची गाठ! रक्ततपासणी मात्र निगेटिव्ह होती. स्नायूतल्या गाठीत असं होतं, त्यावर विसंबू नका.

हा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात असतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ती मेंढीच्या किंवा माणसाच्या पोटात गेली की अशा गाठी होतात. बहुतेक गाठी यकृतात नाहीतर फुफ्फुसात होतात, म्हणून मामांचं तेही तपासलं. गाठ फुटली तर आतल्या पाण्याने जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, शिवाय नव्या गाठी होतात.

आधी अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं, मग गाठ न फोडता अख्खी काढली. नंतर ट्रेमध्ये कापून दाखवली: उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं आवरण, आत द्राक्षाच्या मण्यांसारख्या पिल्लगाठी. पुढे तीन महिने गोळ्या चालल्या, अधूनमधून लिव्हरची तपासणी करत.