जंगलावर शेत, शेतावर तळं: एकमेकांवर चढलेली क्षेत्रं चालवून घ्यायची का?

धागाकर्ता
ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकतो अशा खुल्या नकाशावर, मी मुख्यतः जमिनीचा वापर नोंदवतो. परवा एक भलंमोठं जंगल उघडलं, तर त्याच्यावरच शेत आखलेलं, वर झुडपांचा पट्टा. जमीन एक, दावेदार तीन! माझ्या मते शेत असेल तिथे जंगल नाही, म्हणून जंगलाला तिथे भोक पाडायलाच हवं. मल्टिपॉलिगॉन रिलेशन, म्हणजे अनेक रेषा जोडून केलेलं एक क्षेत्र, त्यासाठीच आहे: बाहेरची कड 'आउटर', आतली 'इनर'. नकाशा दिसतो ठीक, कारण मुख्य शैली (नोंदी रंगवून नकाशा दाखवण्याची नेहमीची पद्धत) लहान क्षेत्र मोठ्याच्या वर रंगवते. पण जंगलाचं क्षेत्रफळ मोजायला जो बसेल तो शेतही जंगलात धरणार.

प्रतिसाद १
पूर्ण असहमत. नवखा माणूस एक कड सरकवतो, रिलेशन तुटतं आणि अख्खं जंगल नकाशावरून गायब होतं. असली रिलेशन्स मी रात्र रात्र बसून जोडली आहेत. एका रेषेला २००० नोडची (बिंदूंची) मर्यादा, त्यामुळे मोठ्या जंगलाची कड आधीच तुकड्यातुकड्यांत असते. त्यात शेकडो इनर घातल्यावर ते सांभाळणार कोण? लहान क्षेत्र वरचढ, हा नियम मोजणाऱ्यानेही पाळावा.

धागाकर्ता
तो नियम रंगवण्याचा आहे, नोंदीचा नाही. दोन क्षेत्रं अर्धवट एकमेकांत घुसली असतील तर लहान तेच खरं कशावरून? आणि अवाढव्य जंगल एकाच रिलेशनमध्ये ठेवायचा हट्ट कशाला? रस्ते, ओढे पाहून त्याचे तुकडे करा, इनर मोजकेच उरतील.

प्रतिसाद २
तुम्ही दोघंही सगळ्या प्रकारांना एकच माप लावताय. लष्करी हद्दीत झाडी असते: हद्दही खरी, झाडीही खरी. कांदळवन पाणथळही आहे आणि झाडांचंही. वस्तीतल्या शाळेपुरतं भोक पाडलंत तर शाळा वस्तीबाहेर जाईल! मूळ दुखणं 'लँडयूज' या की (key) मध्ये, म्हणजे नोंदीच्या प्रकाराच्या नावात आहे. नाव 'वापर', पण आत जंगल आणि गवतही, म्हणजे जमिनीवर काय उगवलंय तेही. झाडी 'लँडयूज'खाली 'फॉरेस्ट' म्हणून नोंदवायची का 'नॅचरल' या दुसऱ्या कीखाली 'वूड' म्हणून, हा जुना वाद त्यातूनच आला. 'लँडकव्हर', म्हणजे जमिनीवर काय आहे ते, वेगळं ठेवण्याचा प्रस्ताव आहे, मुख्य शैली ते रंगवत नाही म्हणून लोक फिरकत नाहीत.

धागाकर्ता
लष्करी हद्द आणि शाळा मान्य, तिथे मी भोक पाडणार नाही. शेत आणि जंगलाबाबत मात्र मागे हटत नाही. जिथे नांगर फिरतो तिथे जंगल लिहिणं चूकच.

प्रतिसाद ३
भोक पाडा, पण कडा रस्त्याच्या मधल्या रेषेला चिकटवू नका. रस्त्याला रुंदी असते, शेत त्याच्या मध्यापर्यंत येत नाही. शिवाय रस्ता सरकवायला गेलं की शेतही सरकतं.

प्रतिसाद १
हे पटलं. शेताचंही पटतंय, पण आधी तुकडे, मग भोकं. आहे त्या अवाढव्य रिलेशनमध्ये आणखी एक इनर घालायला माझा विरोध कायम.