एरवीचा सल्ला इथे उलटा पडतो

गॅस्ट्रोपॅरेसिसवर (जठर वेळेत रिकामं न होण्याच्या आजारावर) औषध चालू असूनही चार घासांत पोट गच्च होतं, रात्री सकाळचं अन्न उलटून पडतं, असं तुम्ही लिहिलंय. वाचून जीव कळवळला. माझ्या आईचं वर्षभर हेच चाललं होतं. कच्च्या भाज्या, सालासकट फळं भरपूर खा, असं सगळे सांगत, पण चोथा आणि स्निग्ध पदार्थच जठरात जास्त रेंगाळतात. शेवटी आम्ही सगळं शिजवून, मिक्सरमधून काढून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं दिलं. पातळ अन्न लवकर पुढे सरकतं. मधुमेह असेल तर वाढलेल्या साखरेनेही जठर मंदावतं, हे विसरू नका. जठराची हालचाल वाढवणारं मेटोक्लोप्रमाइड हे औषध 12 आठवड्यांहून जास्त चालू आहे का? ते जास्त दिवस घेतल्याने ओठ, जीभ आपोआप हलू लागू शकतात; तसं होत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.