मदत हवी आहे: ४×४ कीपॅडची वरची ओळ कायम दाबलेली दिसते आणि # उमटत नाही

धागाकर्ता
रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला ४×४ मेम्ब्रेन कीपॅड जोडला आहे. कर्नल स्वतः बिल्ड केलेला, मॅट्रिक्स कीपॅड ड्रायव्हर त्यात आहे, ओव्हरले (कुठल्या पिनेला काय जोडलंय हे कर्नलला सांगणारी फाइल) नीट लोड होतो. रो (आडव्या ओळी) जीपीआयओ पिना ३, १७, २७, २२ वर. कॉलम १६, २०, २१, २६ वर. डीबाउन्स १० मिलिसेकंद. पुल-अप, पुल-डाउन (पिनेला हाय किंवा लो खेचून ठेवणारे रोध) काही दिलेलं नाही, ॲक्टिव्ह-लो (लो म्हणजे दाबलेलं) प्रॉपर्टीही नाही.

बूट होताच १, २, ३, ए ही चारही बटणं दाबल्याचे इव्हेंट येतात, सोडल्याचे येतच नाहीत. लॉगिन प्रॉम्प्टवर 'ए'ची रांग लागते. कीपॅडची पट्टी उपसून काढली तरी तेच. खालच्या तीन ओळी व्यवस्थित. डीबाउन्स ५० केला, फरक शून्य.

दुसरं, # ला न्यूमेरिक पाउंड हा कोड दिलाय. ईव्हीटेस्ट (आलेले इव्हेंट दाखवणारं साधन) तो दाखवतं, कन्सोलवर (पायच्या स्वतःच्या टेक्स्ट पडद्यावर) मात्र काही उमटत नाही.

पुलअप
पट्टी काढूनही तेच होतंय, म्हणजे कीपॅड निर्दोष आहे. डीबाउन्सचाही संबंध नाही, तो फक्त बटणाची थरथर गाळतो.

जीपीआयओ २ आणि ३ या आय-टू-सीच्या (इतर चिपांशी बोलायच्या दोन तारांच्या जोडणीच्या) पिना. त्यांना बोर्डवरच १.८ किलोओहमचे पुल-अप कायमचे जोडलेले आहेत, सॉफ्टवेअरमधून ते निघत नाहीत. तुमचा ड्रायव्हर ॲक्टिव्ह-हाय चालतोय, म्हणजे रो हाय दिसली की बटण दाबलं असं तो धरतो. जीपीआयओ ३ सदैव हाय, म्हणून कुठलाही कॉलम तपासला तरी पहिली रो 'दाबलेली'. ऑटोरिपीट (दाबून धरलेलं अक्षर पुन्हा पुन्हा उमटणं) शेवटी नोंदलेल्या बटणालाच लागतो, म्हणून चौघांपैकी 'ए'चीच रांग. बाकीच्या तीन रो चालतात, कारण जीपीआयओ ९ ते २७ ना सुरुवातीला आतला पुल-डाउन असतो.

उपाय दोन. पहिली रो जीपीआयओ २३ वर हलवा, किंवा सगळं ॲक्टिव्ह-लो करा: जीपीआयओ-ॲक्टिव्हलो प्रॉपर्टी द्या आणि रोच्या पिनांना पुल २ म्हणजे पुल-अप. पोलॅरिटीसाठी (ॲक्टिव्ह-हाय की लो) रो-जीपीआयओमधल्या फ्लॅगवर विसंबू नका. आणि आहे त्या ॲक्टिव्ह-हायमध्ये जीपीआयओ ३ ला कॉलम करायची पळवाट काढू नका. ड्रायव्हर निष्क्रिय कॉलम इनपुट करून सोडतो, तो पुल-अपमुळे परत हाय होणार.

बिटशिफ्ट
# बद्दल. न्यूमेरिक पाउंडचा कोड ५२३. कन्सोलच्या कीमॅपमध्ये २५६ च जागा, त्यामुळे तो तिथे पोचतच नाही. तुमचं ॲप्लिकेशन थेट इव्हेंट डिव्हाइस वाचत असेल तर ५२३ च ठेवा, काही बिघडत नाही.

कन्सोलवर हवा असेल तर रिकामा कोड घ्या, उदा. एफ१३ म्हणजे १८३. ओव्हरलेतल्या कीमॅपचा प्रत्येक सेल ३२ बिटांचा: वरची बाइट रो, पुढची कॉलम, उरलेल्या दोन की-कोड. # ची रो ३, कॉलम २ (मोजणी शून्यापासून), म्हणून सोळाच्या पायात ०३ ०२ ००बी७. मग कन्सोल मॅपमध्ये कीकोड १८३ ला नंबरसाइन द्या. * ला ही कसरत नको, कीपॅड ॲस्टरिस्कचा कोड ५५ च आहे.

लोडकीज (कन्सोल मॅप भरणारी कमांड) एसएसएचवरून चालवणार असाल तर -C (मोठा सी) देऊन टीटीवाय१ चं, म्हणजे पायच्या पहिल्या कन्सोलचं, नाव सांगा. एसएसएच किंवा सिरियल खिडकीत टाइप करून मॅप तपासू नका, तिथली अक्षरं तुमच्या लॅपटॉपकडून येतात.

धागाकर्ता
# आला. रांगही थांबली, ॲक्टिव्ह-लोच केलं. पण आता नवंच: ५ दाबलं की मधूनच सोबत ६ किंवा बी येतं. खालच्या तिन्ही ओळींत असं होतं, वरच्या ओळीत कधीच नाही.

पुलअप
कॉलमचे पुल बदलायचे राहिले. १६, २०, २१, २६ वर अजून मूळचा पुल-डाउन आहे. ५ दाबलेलं असताना ड्रायव्हर पुढचा कॉलम तपासतो, तेव्हा रोचा सुमारे ५० किलोओहमचा पुल-अप आणि सोडलेल्या कॉलमचा तेवढाच पुल-डाउन बटणातून एकमेकांना भिडतात. पिनेवर ३.३ ऐवजी १.६५ व्होल्टच्या आसपास उरतात, ते कधी हाय वाचले जातात, कधी लो. वरच्या ओळीत १.८ किलोओहम सहज जिंकतो, म्हणून ती शाबूत.

कॉलमच्या पिनांना पुल ० द्या. निष्क्रिय कॉलम हायला ड्राइव्ह करायची प्रॉपर्टीही आहे, पण डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) नसताना ती लावू नका: एकाच ओळीतली दोन बटणं दाबली गेली की एक पिन हाय, दुसरी लो आणि दोन्ही बटणांमधून थेट शॉर्ट.

बिटशिफ्ट
एवढं करूनही १, ३, ७ एकदम दाबलं तर ९ दिसणारच, डायोड नसलेल्या मॅट्रिक्सचा तो स्वभाव आहे. स्वतःचा बोर्ड बनवणार असाल तर दर बटणाला एक १एन४१४८ डायोड लावा. या ॲक्टिव्ह-लो रचनेत ॲनोड रोकडे, कॅथोड कॉलमकडे.