मालगुंडचं केशवसुतांचं घर: बाबांना घेऊन जावं का?

मीनल_मुलुंड
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर गणपतीपुळ्याला जातोय. मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि माझे आई-बाबा. बाबांनी अट घातलीये, मालगुंडला केशवसुतांचं घर दाखवणार असाल तरच येतो. माणूस आयुष्यभर बँकेत आकडेमोड करत होता, पण ‘तुतारी’ अजून तोंडपाठ. आंघोळ करताना अख्ख्या मजल्याला ऐकू जाते. नवऱ्याचं म्हणणं, रिकामं घर बघण्यात अर्धा दिवस कशाला घालवायचा, त्यात जयगडचा किल्ला होईल. कोणी गेलंय का? बाबांचे गुडघे दुखतात, जमेल ना? आणि मुलगा कंटाळणार का?

सागर_डोंबिवली
जमेल की. पुळ्याहून जेमतेम 2 किलोमीटर आणि जयगडच्याच वाटेवर, म्हणजे नवरोबांचा किल्लाही होतो. रत्नागिरीपर्यंत पहाटेची जनशताब्दी बरी. तिकिटं आता 60 दिवस आधी सुटतात, सुटीच्या दिवसांत बघता बघता संपतात. स्टेशनवरून गाडी कराल तेव्हा ड्रायव्हरला आधीच सांगा, आरे-वारेवरून घे म्हणून. रस्ता समुद्राला लागून जातो, मुलगा खूश.
घराचं म्हणाल तर मला अर्ध्या तासात उरकलं. खरं सांगू? कवीची म्हणावी अशी वस्तू काही मला दिसली नाही.

गिरगावचे_मास्तर
मीनलताई, नक्की न्या.
सागर, वस्तू आणणार कुठून? केशवसुत 1866 साली मालगुंडला जन्मले खरे, पण वडील दापोलीकडे वळणे गावात खोतीचा कारभार बघायला गेले आणि पोराचं लहानपण तिकडे गेलं. पुढे शिक्षण पुण्याला, पोटापाण्याला मुंबई. प्लेग आला तेव्हा मुंबई सोडून खानदेशात भडगाव, मग फैजपूर, शेवटी धारवाड. 1905 साली हुबळीला प्लेगनेच गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही. पाठोपाठ बायकोही. स्वतःच्या कवितांचं पुस्तक त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते हरिभाऊ आपट्यांनी मागाहून काढलं. या फिरस्तीत त्यांचा दौत-टाक कोण सांभाळून ठेवणार होतं?
म्हणून तिथे वस्तू शोधू नका, घर बघा. कौलारू, कोकणात असतं तसं साधं. उन्हातून आत शिरलं की आधी काही दिसतच नाही, मग हळूहळू उंबरा, भिंत, खिडकी दिसायला लागते. बाबांचा हात धरा आणि डोकं सांभाळायला सांगा.
बाहेर बागेत कविता दगडांवर कोरून लावल्यात. तिथे बाबांना मोकळं सोडा. मी गेलो होतो तेव्हा एक आजोबा दगडाकडे पाठ करून खड्या आवाजात कविता म्हणत होते आणि नातू ओळींवर बोट ठेवून त्यांच्या चुका काढत होता. दोघंही हटायला तयार नाहीत, मागे आमची रांग! तुमचा मुलगा कंटाळणार नाही, त्याला हेच काम द्या.
पुढे एक दालन आहे, त्यात केशवसुतांनंतरच्या कवींचे फोटो आणि त्यांच्या कविता. वेळ जातो तो तिथे. मी वर्षानुवर्षं वर्गात ज्यांचा ‘कविपरिचय’ पाच ओळींत उरकला, ते सगळे समोर बघून जरा ओशाळायलाच झालं.
आणि मुलाला निघण्याआधीच सांगून ठेवा, ‘तुतारी’ मालगुंडात लिहिलेली नाही. ती आपल्या मुंबईतली, 1893 सालची, इथे लहानसहान नोकऱ्या करत होते तेव्हाची. ज्या शहरात ती लिहिली तिथे त्यांची खोली म्हणून बघायला काही नाही. मालगुंडकरांनी आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने जन्मघर तरी राखलं. मधु मंगेश कर्णिकांनी त्यासाठी किती खस्ता खाल्ल्या! आपण मुंबईकर नुसते अभिमान बाळगण्यात पटाईत.

ठाण्यातला_नाशिककर
मास्तर, भावना पोचल्या. पण कवी राहत होता तसं घर बघायचं तर नाशिकला या, टिळकवाडीत. कुसुमाग्रजांची राहती जागा जपून ठेवलीये. ठाण्याहून सकाळी निघालात तर रात्री घरी.

गिरगावचे_मास्तर
नाशिककर, तेही बघावंच. पण मालगुंडच्या स्मारकाचं उद्घाटन 1994 साली कोणी केलं ठाऊक आहे ना? तुमच्या तात्यासाहेबांनीच, म्हणजे कुसुमाग्रजांनीच! त्यांना तिथे वस्तू कमी वाटल्याचं काही ऐकिवात नाही.

सागर_डोंबिवली
बरं बाबा, हरलो. पुढच्या खेपेला दगड वाचीन. मीनलताई, दुपारचं ऊन टाळा, गुडघ्यांपेक्षा त्याचाच त्रास जास्त. सकाळी आधी मालगुंड करा, मग जयगड.

मीनल_मुलुंड
सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. मुंबईची गोष्ट त्यांना माहीत होती म्हणे, आजवर आम्ही कोणी विचारलंच नाही. चिरंजीवांनी चुका काढायची तालीम आजपासूनच सुरू केलीये, बाथरूमच्या दाराबाहेर पुस्तक घेऊन उभे असतात. आता वाद एकच उरलाय. बाबा म्हणतात आधी मालगुंड, आई म्हणते आधी गणपती. आणि जेवणाचे डबे आईच्या हातात आहेत.