मामाची मुलगी चालते, मग मावशीची का नाही?

मिरजवाला
परवा एका लग्नाच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "मामाची पोर असताना बाहेर कशाला हिंडायचं?" कोपऱ्यातल्या एका पोरानं सहज विचारलं, "मग मावशीची का नाही?" आजींनी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं पाणी प्यायच्या निमित्तानं उठूनच गेलं.

प्रश्न मात्र चोख होता. चुलत, मावस, आते, मामे, कुठलंही भावंड घ्या, सामाईक जनुकांचा वाटा सरासरी एक अष्टमांशच. तरी माझं म्हणणं, उत्तर उत्क्रांतीतच आहे. फिनलंडचा समाजशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्क यानं १८९१ साली मांडलं की अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांबद्दल ओढ वाटत नाही. मेंदूला जनुकं दिसत नाहीत, म्हणून तो 'कोणाबरोबर वाढलो' या खुणेवर सख्खं-परकं ठरवतो. इस्राएलच्या किबुत्झ नावाच्या सामुदायिक वसाहतींत मुलं पाळणाघरात एकत्र वाढायची. जोसेफ शेफरनं तिथली जवळपास ३००० लग्नं तपासली, तर एकाच गटात वाढलेल्यांची फक्त १४ निघाली. तैवानमध्ये भावी सून तान्हेपणीच घरी आणून मुलाबरोबर वाढवायची चाल होती. आर्थर वुल्फला अशा जोडप्यांत मुलं कमी आणि काडीमोड जास्त आढळले.

आता आपलं घर बघा. चुलत भावंडं एका ताटात जेवतात, एका गोधडीत झोपतात. मामाची पोरं परगावी, भेट सुट्टीत. म्हणून चुलत बहीण ती बहीण, मामेबहीण ते स्थळ.

कडेगावची
तुमची मावशी कुठे राहते हो? माझी तरी आमच्या घरात राहत नव्हती. मामाचं गाव जेवढं लांब तेवढंच मावशीचं, भेट तीच सुट्टीतली, जनुकं तुम्हीच म्हणता तेवढीच. मग एकीकडे सोयरीक आणि दुसरीकडे महापाप, हे कसं? आणि आत्या? तीही लग्न होऊन लांबच जाते. तरी आमच्याकडे आत्याची मुलगी भावाच्या मुलाला करत नाहीत, वेल परत फिरवायची नाही म्हणतात. तुमची गाडी पहिल्याच चढाला थांबली.

चहाटळ
पेपर फुटल्यावर उत्तर सगळ्यांनाच येतं. उत्क्रांतीवाल्यांचं हे नेहमीचंच.

मिरजवाला
@कडेगावची, मावशीपाशी अडलो, कबूल. पण आईकडच्या नात्याला उत्क्रांतीत वजन आहेच. मूल आईचं हे नक्की असतं, बापाचं तेवढं नक्की नसतं, म्हणून आईकडची माणसं जास्त जीव लावतात असा तर्क आहे. गांबियाच्या खेड्यांतल्या नोंदींत आईची आई हयात असली की लहान मुलं जास्त जगलेली दिसली, बापाच्या आईमुळे तसा फरक दिसला नाही. आपण उगाच म्हणत नाही, माय मरो मावशी जगो.

कडेगावची
अहो, तो मुद्दा मायेचा झाला, लग्नाचा कुठे? आणि मामाही आईकडचाच की! मावशी माया करते म्हणून तिची मुलगी बाद, आणि मामा मांडीवर बसवून जावळ काढतो, कान टोचतो, मग त्याची मुलगी का चालते?

पोथीनिशी
इथे जीवशास्त्र बाजूला ठेवून नकाशा बघा. इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर लिहिताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा ठरवलं. उत्तरेत यातलं कुठलंच भावंड हिंदूंमध्ये चालत नाही, दक्षिणेत आते-मामे दोन्ही चालतात, आपण मधेच. कृष्णेच्या पाण्याबरोबर जनुकं बदलत नाहीत, रीत बदलते. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्त्रॉसनं १९४९ मध्ये सांगितलं तेच मला पटतं: लग्न म्हणजे दोन कुळांमधली देवघेव. चुलत भावंडं एकाच कुळाची, देवकाची, तिथे देवघेव कुणाशी करणार? मामा दुसऱ्या कुळाचा, पिढ्यान्‌पिढ्या मुली देणारा. मावशी कुठल्या घरी पडेल याचा नेम नाही. दोघी बहिणी एकाच घरात दिल्या तर मावस तेच चुलत!

पुरावा तोंडातच आहे. गावाकडे सून सासूला 'आत्याबाई' म्हणते, जुन्या घरांत सासऱ्याला 'मामंजी' म्हणत. नात्याचे शिक्के भाषेत राहिलेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा तर भाऊ-बहीण, दोन भाऊ, दोन बहिणी, कुणाचीही मुलं असोत, सरसकट मनाई करतो आणि लगेच रूढी असेल तर सूट देतो. मामाची मुलगी त्या फटीतून आत येते.

दवाखाना
एक भर. सर्वसाधारणपणे १०० पैकी ३ बाळांत जन्मजात दोष आढळतो, सख्ख्या मामे-आते लग्नांत ते प्रमाण साधारण दुप्पट होतं. दोष टाळायला उत्क्रांतीनं नियम घडवला असता तर मामाची मुलगी आधी बाद झाली असती.

मिरजवाला
नियम समाजानं केला, मान्य. मी आवडीबद्दल बोलतोय. नियम काहीही म्हणो, एकत्र वाढलेल्यांचं जमत नाही. जस्टिन मकेबचा लेबनॉनमधल्या गावाचा अभ्यास १९८३ साली आला. तिथे चुलत भावंडांची लग्नं मुद्दाम करतात, तरी त्या जोडप्यांत मुलं कमी, घटस्फोट जास्त. मग आपल्याकडे जे आजोळी वाढले त्यांना मामाची मुलगी नकोशी वाटायला हवी. आहे का इथे कोणी?

कडेगावची
किबुत्झचं अर्धंच सांगितलंत. पुढे २००९ मध्ये तिथे वाढलेल्यांच्या मुलाखती छापून आल्या, त्यात अनेकांनी ओढ वाटत होती असं सांगितलं. लग्न झालं नाही म्हणजे मन गेलं नाही असं नव्हे.

आजोळकर
मी आहे. वडील वारले, तिसरीनंतर मला मामाकडे ठेवलं, तिथूनच दहावी झालो. मामाची धाकटी तेव्हा दोन वर्षांची. तिला कडेवर घेऊन चक्कीवर जायचो, डोक्यावर पिठाचा डबा, तिच्या हातात गुळाचा खडा. पुढे मामानं तिचं विचारलं तेव्हा अंगावर काटा आला. नाही म्हटलं. धाकटा भाऊ फक्त दिवाळीत तिथे यायचा, त्यानं केलं. २२ वर्षं झाली, छान चाललंय.

मिरजवाला
घ्या!

कडेगावची
थांबा. वेस्टरमार्कची खूण पहिल्या पाच-सहा वर्षांची ना? आजोळकर गेले तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्यांचा काटा तुमच्या सिद्धान्तात बसत नाही. बसली तर ती मुलगी बसते, दोन वर्षांची होती. तिला काय वाटत होतं?

आजोळकर
ते कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं, मग भावाला विचारलं.